भर उन्हाळ्यातले मोजे

तुमच्या आजोबांच्या आतेभावाइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही. लोक पाहुण्यांची तोंडं पाहतात, हे भाऊजी पाय पाहायचे. भाऊजी शाळामास्तर. समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण बेटांवर तासन्‌तास बोलत: बेटावरची माणसं आपसातच लग्नं करतात, म्हणून एकाची खूण हळूहळू सगळ्यांत उतरते, आणि तीच खूण दूर कुठे दिसली की समजावं, होडी कुठून कुठे गेली. "बेटाला पानीच लागतं असं न्हाई, वहिनी," म्हणायचे. "वाट नसली तरी बास." त्यांचं बेट म्हणजे पाली गावाकडच्या डोंगरावरची एक वस्ती. तिथे बहुतेकांच्या पायाची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली; बायका जोडवी चौथ्या बोटात घालायच्या. घरोघरी जाऊन भाऊजींनी शाईने पावलांचे ठसे वहीत घेतले होते.

दुष्काळात ती वस्ती कारखान्याच्या ट्रकांत बसून ऊसतोडीला पांगली. भाऊजी सहकारी कारखान्याच्या सभेत उभे राहून ओरडले, "पान्याच्या टँकरला डोंगरावर वाट न्हाई, मग तुमच्या ट्रकला कुटून घावली? बेट बुडवलं तुमी!"

"बसा मास्तर," चेअरमन म्हणाले. "बीडात कसलं आलंय बेट?"

यावर भाऊजींनी त्यांना बूट काढायला सांगितलं. दोघांनी भाऊजींनाच उचलून बाहेर ठेवलं.

तिथून भाऊजी तडक आमच्या ओसरीवर. चारचौघांत विचारतात, "वहिनी, भर उन्हाळ्यात मोजे कावून घालता?"

"थंडी वाजते."

"तुमची आजी मागच्या एका दुष्काळात डोंगर उतरून गेलती म्हनं. वस्ती तर गेली. उतरलेल्यांचा एक ठसा तरी राहू द्या."

मी, इंग्रजी शिकवणारी बाई, त्यांच्या तोंडावर दार लावलं. राग अजून गेलेला नाही. त्यांचं खरं होतं, याचाच राग. आजीची जोडवी चौथ्याच बोटात असत. मला शाळेत मुली बदक म्हणायच्या.

भाऊजी गेले, तेव्हा जाऊबाईंनी वही माझ्याकडे धाडली. शेवटच्या पानावर माझं नाव, खाली कोरं. परवा तुम्ही फोटो पाठवलात: तुमची धाकटी समुद्रकाठी वाळूत उभी, अनवाणी. बोटं मी भिंग लावून पाहिली: दुसरं-तिसरं जुळलेलं. मग मोजे काढले, नीळ कालवली आणि त्या पानावर पाऊल ठेवलं. ठसा जरा फिसकटलाय.

एकदाच विचारून गप्प बसले. एरवी कुणाचं ऐकणारा माणूस नव्हता. आणखी एकदा विचारायला काय झालं होतं?