अर्ध्या बाटल्या

आमच्या घरात कुठलीही बाटली संपली म्हणून लगेच संपत नाही. शॅम्पू तळाला गेला की त्यात पाणी घालून खळबळायचं, आणखी चार आंघोळी निघतात. टूथपेस्टची ट्यूब शेवटी कात्रीने कापायची. भांड्यांच्या साबणाची बाटली दोन दिवस डोक्यावर उभी करून ठेवायची. हे सगळं मी माहेरून आणलं. आईचा एक नियम होता, अर्ध्या बाटल्या दिसता कामा नयेत. दोन अर्ध्या झाल्या की एकीत ओतायच्या आणि दुसरी धुऊन ठेवायची. "जागा अडवून बसतात मेल्या," असं ती म्हणायची. पुण्यात माणसांना जागा मिळायची मारामार, तिथे बाटल्यांचे लाड कोण करणार!

वारज्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तो नियम चालू ठेवला आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही शिकवला. मावशी यवतमाळकडच्या. मुलाला इथे कारखान्यात काम मिळालं म्हणून त्याच्यामागोमाग आलेल्या. माझी लेक महिन्याची होती तेव्हापासून त्या आमच्याकडे होत्या, तिला पायांवर घेऊन या घरातली पहिली आंघोळ मी नाही, त्यांनी घातली. मी तेव्हा दाराशी उभी राहून नुसतीच घाबरत होते. पहिल्यांदा मी त्यांना उरलेलं फिनेल नव्या बाटलीत ओतायला सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमचं लय बारीक काम हाय, ताई," म्हणाल्या. पण माणूस कामाचा. महिन्याभरात मी सांगायच्या आधीच कपाटातल्या बाटल्या एकात एक जायला लागल्या. "पक्क्या पुणेकर झालात हं मावशी," असं मी म्हटलं, तर त्या खूश झाल्या. बाकीच्या दोन घरांतही त्यांनी ही पद्धत लावली, आणि तसं मला येऊन सांगितलंही.

लेक पहिलीत गेली त्या वर्षी तिची छाती वाजायला लागली. दुपारी झोपली की श्वास सोडताना बारीक शिट्टी यायची, लांबून कोणीतरी कुकर लावल्यासारखी. मी पोळ्या लाटता लाटता हात थांबवून ती ऐकत राहायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पंप लिहून दिला आणि मग माझीच उलटतपासणी घेतली.

"फरशी कशाने पुसता?"

"फिनेलने. रोज," मी अभिमानाने सांगितलं.

"संडास-बाथरूम?"

"अ‍ॅसिडने. आठवड्यातून एकदा ब्लीच."

"डासांसाठी?"

"कॉइल."

"आणि या सगळ्याचा वास जावा म्हणून?"

"स्प्रे," मी म्हणाले. आवाज आपोआप खाली आला होता.

"मग पोरीने श्वास नेमका कधी घ्यावा, असं आपलं म्हणणं आहे?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही, हा माझा गुण म्हणा की खोड. त्या संध्याकाळपासून मी घरातली एकेक बाटली उजेडात धरून वाचायला लागले. मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं. 'सुगंध' असा एकच शब्द छापून त्यामागे काय काय दडवलेलं असू शकतं, हे मला तेव्हा कळलं. अ‍ॅसिडच्या बाटलीवर मागच्या बाजूला सगळ्यात खाली एक ओळ होती. दुसऱ्या कुठल्याही सफाईच्या द्रावात मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. ब्लीचच्या बाटलीवरही तशीच ओळ. मी ती चहाच्या वेळी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. दोन्ही ओळींचे फोटो काढून सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकले. खाली अंगठे आले, नमस्काराचे हात आले, एकीने 'किती उपयुक्त माहिती' असं लिहिलं. मावशी त्या ग्रुपवर नव्हत्या. असणार कशा?

मग घरातली रीत बदलली. ओट्याखाली रिठे भिजायला लागले. खाण्याचा सोडा किलोच्या हिशोबाने येऊ लागला. लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी घालून मी एक बरणी तीन महिन्यांसाठी मुरत ठेवली, फरशी पुसायला. तिच्यात हवा धरते म्हणून रोज सकाळी झाकण सैल करून ती सोडावी लागायची, नाहीतर बरणी फुटेल अशी भीती. मी आठवणीने करायचे. "घराला आता लोणच्याचा वास येतो," एवढंच नवरा म्हणाला. आम्ही पुणेकर एरवी खडकवासल्याचं पाणी म्हणजे अमृत म्हणून मिरवणारे, मी त्या वर्षी त्या पाण्याकडेसुद्धा संशयाने बघत होते.

मावशींना रिठ्यांचं फार नवल वाटलं. "तुमी इकत आणता हे? आमच्या गावात झाडाखाली पडून सडते, ताई. मायी माय त्यानंच डोकं धुवे." डोळे मिटून त्यांनी एक रिठा हुंगला आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

शिट्टी कमी होत गेली. पंपामुळे असेल, वयामुळे असेल, पण मी श्रेय अजून मुरतच असलेल्या बरणीला दिलं आणि बरणीमागून स्वतःला.

आता बाल्कनीत एक खोकं उरलं. त्यात फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच, काचेचा निळा द्राव, सगळ्या अर्ध्या-मुर्ध्या बाटल्या. फेकवत नव्हत्या. चांगल्या वस्तू टाकणं आमच्या रक्तात नाही. मोरीत ओतून द्याव्यात तर ते सगळं शेवटी मुठेत जाणार. मुठेत मासे उरलेत की नाही देव जाणे, पण मी दोन दिवस त्या माशांची काळजी करत होते. हे मी आज लिहितेय तेव्हा माझाच हात थांबतो. माशांचा विचार मी केला होता.

तिसऱ्या दिवशी मावशींनी बाल्कनी झाडताना खोकं बघितलं.

"ताई, ह्या फेकता काय?"

"आम्हाला नकोत आता. तुम्हाला हव्यात का?"

"द्या न मले. आमच्या मोरीले लय वास येते. भरेलच तं हायेत ह्या."

मला हायसं वाटलं. वस्तू वाया गेल्या नाहीत, नदी वाचली, आणि वर मावशींना काहीतरी दिल्याचं पुण्य. मी खोक्यावर माझी एक जुनी साडीही ठेवली. "जपून वापरा हं," असं म्हणाले. तेवढंच म्हणाले. ज्या ओळीचे फोटो मी अख्ख्या सोसायटीला पाठवले होते, ती ओळ समोर उभ्या असलेल्या बाईला सांगायला पाच सेकंद लागले असते. मला तेव्हा लेकीला बसवर सोडायची घाई होती. हे कारण मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे.

सोमवारी मावशी आल्या नाहीत. मी भांडी बघून वैतागले, फोन लावला, उचलला नाही म्हणून आणखी वैतागले. दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. ती एका दुकानात कामाला, पुण्यात राहून बोलणं शहरी झालेलं. "मम्मी दवाखान्यात आहेत. काल बाटल्यांचा गॅस छातीत गेला," असं म्हणाली आणि रडायला लागली.

सरकारी दवाखान्यात मावशी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सुनेने बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्यांची एकच खोली, कोपऱ्यात पडद्यामागे मोरी, मोरीला खिडकी नाही. रविवारी दुपारी मुलगा आणि सून कामावर असताना मावशींनी घर आवरायला काढलं. फळी एवढीशी आणि त्यावर माझ्या बाटल्या. अर्ध्या बाटल्या दिसता कामा नयेत. दोन्ही मोरी धुवायच्याच, म्हणून त्यांनी अ‍ॅसिडची बाटली ब्लीचच्या बाटलीत ओतली.

"शेजारच्या काकूंनी ओढून बाहेर काढलं. मम्मी आत कशा थांबल्या माहितीये का? बूच लावत होत्या. सांडून वाया जाईल म्हणून."

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "असं मिसळायला त्यांना कोणी शिकवलं काय माहीत. आमच्यात कोणी करत नाही असं."

मला माहीत होतं. मी पर्समधून शहाळ्याच्या पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

मावशी वाचल्या. दीड महिन्याने कामावरही आल्या. मी नको म्हणत होते, त्या ऐकेनात. "बसून बसून जीव कंटाळते, ताई." चेहरा उतरला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. लिंबाच्या सालींचं ते मुरवलेलं पाणी बादलीत घालून मी त्यांना दिलं. बरणीचे तीन महिने नेमके तेव्हा भरले होते. त्यांनी बैठकीची खोली पुसायला घेतली. अर्ध्या खोलीपर्यंत येऊन त्या भिंतीला हात लावून थांबल्या आणि मला ती शिट्टी ऐकू आली.

आतल्या खोलीत चित्र काढत बसलेल्या लेकीलाही आली. ती उठली, कपाटातून आपला पंप काढून धावत आली आणि मावशींच्या पुढ्यात धरला. "मावशीआजी, असा तोंडात धरायचा, मग दहापर्यंत मोजायचं. घाबरायचं नाही," असं आपल्या डॉक्टरीणबाईंच्या सुरात सांगायला लागली. मावशी हसल्या, त्यांना खोकला आला. लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, माझी शिट्टी आजीला लागली का गं?"

मी तिला ओरडले. काही कारण नसताना, चांगली जोरात ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाथरूम स्वच्छ होतं, कसलाही वास येत नव्हता.

महिन्याभरात त्यांनाच कळून चुकलं की पुसणं आता जमायचं नाही. मुलाने त्यांना गावी त्यांच्या बहिणीकडे पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या सुनेबरोबर निरोप घ्यायला आल्या. मी चहा केला. आज सांगायचं, असं मी सकाळपासून ठरवलं होतं. मावशी, मी त्या बाटल्यांवरची ओळ वाचली होती, मला ठाऊक होतं, आणि ओतायची सवयही मीच लावली. वाक्यं मनात पाठ करून ठेवली होती. पण आधी सूनच बोलली. कप खाली ठेवून सरळ विचारलं, "ताई, खरं सांगा. त्या बाटल्या एवढ्या खराब असतात हे तुम्हाला माहीत होतं?"

मावशींनी तिच्या दंडावर चापट मारली. "काहून असं बोलतं वं? ताईले मालूम असतं तं तिनं देल्या असत्या काय? सोताच्या मायवाणी पाह्यलं तिनं मले." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. खात्रीने बघितलं. "हाय न ताई?"

मी होकाराची मान हलवली.

एवढंच झालं. सून माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही असं मला वाटतं, आणि त्या खोलीत तेवढं एकच माणूस बरोबर होतं. मावशींनी लेकीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, मी दिलेली पिशवी घेतली आणि जिन्यात दोनदा थांबत खाली गेल्या.

दिवाळीनंतर सून आली, दारातच उभी राहिली. हातात कापडी पिशवी. गावाहून कोणी येणार होतं, त्याच्याबरोबर मावशींनी रिठे पाठवले होते, झाडाखालचे, वेचून, वाळवून, बिया काढून. वेचताना मधेमधे बसावं लागलं असेल.

"पोरीच्या छातीसाठी आहेत, विकत आणू नका म्हणाल्या." सुनेने पिशवी माझ्या हातात दिली. पुढचं तिला माझ्या तोंडावर सांगायचं नव्हतं हे दिसत होतं, पण निरोप होता. "आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय. त्या बाटल्यांचं पाणी लय खराब असतं, एकात एक ओतलं तर जीव जातो. ताईला माहीत नाही, तिला नक्की सांग, म्हणाल्या. घरात लहान लेकरू आहे."

"बरं," मी म्हणाले. "नाही ओतणार, म्हणून सांग."

ती जिना उतरून गेल्यावर मी पिशवी घेऊन ओट्याशी आले. मला माहीत होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं, आणि त्यांनी माणूस पाठवून मला कळवलं.