लाल त्रिकोणाची काच

सीताबर्डीतल्या त्या इमारतीचा दर्शनी भाग सगळा काचेचा. नकाशे मीच काढले होते, आणि पुढे आमचं ऑफिसही तिथेच चौथ्या मजल्यावर आलं. आग लागली तर जवानांना शिडीवरून आत शिरता यावं म्हणून दर मजल्यावर एक काच बाहेरून उघडणारी हवी, असं ठरलेलं. नकाशात त्या काचेवर मी लाल त्रिकोण काढला होता. काच बसवणाऱ्या ठेकेदाराने नकाशा फारच मनापासून वाचला. प्रत्येक मजल्यावर एका काचेवर त्याने सुबक लाल त्रिकोण चिकटवला, आणि ती काच इतरांसारखीच पक्की बसवून टाकली.

हे मला कळलं तपासणीच्या दिवशी. अग्निशमनचे साहेब खाली रस्त्यावर, आणि त्यांचा एक जवान शिडीवरून थेट माझ्या टेबलासमोर. मे महिन्याचं ऊन, अंगात जाड कोट. त्याने त्रिकोणावर टकटक केलं. मी आतून ढकललं, त्याने बाहेरून ओढलं. काच हलेना. तो काहीतरी बोलत होता, पण मला ऐकू येईना. शेवटी मी कागदावर माझा नंबर लिहून काचेला लावला. त्याने फोन केला.

"म्याडम, मी आग विझवाले आलो आहो समजा. हे काहून उघडून नाही राहिली?"

"दादा, ती उघडतच नाही. पक्की आहे."

"मंग हा तिकोन?"

"तो मी काढला."

हातभर अंतरावरून त्याने माझ्याकडे बघितलं. "मस्त काढला," तो म्हणाला, आणि पाणी मागितलं. मी बाटली उचलली आणि काचेसमोर तशीच उभी राहिले. मग तो खाली उतरला, लिफ्टने वर आला आणि गटागटा पाणी प्यायला. मला मान वर करवेना.

इमारत नापास झाली. त्या काचा बदलताना मी ठेकेदाराच्या बाजूला उभी राहिले, प्रत्येक कडी स्वतः ओढून पाहिली.

दुसऱ्या तपासणीला तोच जवान आला. कडी फिरली, काच उघडली, गरम वाऱ्याने ऑफिसभर नकाशे उडाले. त्याने खिडकीतून आत पाय टाकला. कागद गोळा करता करता आमच्या सरांनी सवयीने विचारलं, "अपॉइंटमेंट घेतली होती का?"