आप्पांची बाजू, काकांची बाजू

दोन दिवसांचं काम आमच्या घरात दोन दिवसांत कधीच संपत नाय, आणि मधल्या दिवसांत किस्से साचत जातात! उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराचं लोखंडी कुंपण रंगवायला आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अकरा दिवस लागले. आता करा हिशोब.

आधी भांडण सांगते, त्याशिवाय मजा नाय. पलीकडं वाघमारे काका राहतात. दोन घरांत कुंपण एकच. रोज सकाळी त्याच्या अल्याड-पल्याड उभं राहून दोघं चहा प्यायचे. मागच्या वर्षी एकदा सहा दिवसांनी नळाला पाणी आलं आणि आप्पांनी काकांना हाक मारली नाय! आमच्या शहरात यापेक्षा मोठा गुन्हा नाय. तेव्हापासून बोलणं बंद, जयभीमसुद्धा बंद. मला लई वाईट वाटायचं, पण दोघंही हट्टी.

*

आप्पा तारेचा ब्रश घेऊन गंज घासायला बसले. "आपली बाजू तेवढी घासणार!"

"आप्पा, गज गोल हाय. त्याला बाजू कुठली?"

त्यांनी खडू आणला आणि एकेका गजावर मधोमध रेघ मारली. दुपारी काका बाहेर आले, रेघा बघितल्या, आत गेले आणि फूटपट्टी घेऊन आले!

*

गंज निघाल्यावर तांबडा प्रायमर मारला. त्याच दिवशी करमाडहून मामा आले.

"वा दाजी! लई झकास रंग!"

"अरे, हे अस्तर हाय. रंग अजून मारायचाय."

"मग कशाला बिघडवता?"

*

रंग निळा. त्यावर मात्र वाद नाय, काकांनीही आपल्या बाजूला निळाच आणला. आप्पांनी आधी गेट रंगवलं आणि पाटी लावली, 'रंग ओला आहे, हात लावू नये.' दूधवाल्यानं पाटी वाचली आणि बोट लावलं. पेपरवाल्यानं वाचली, बोट लावलं. आप्पा दोघांवर खेकसले. शेवटी आई गेली, बोट लावलं आणि म्हणाली, "अहो, खरंच ओलाय की!"

*

भरदुपारी पाणी आलं. आप्पांची पंचाईत! हाक तर मारायची नाय. त्यांनी रिकामी बादली घेतली आणि कुंपणाजवळ उभं राहून बडवत सुटले. अख्खी गल्ली बाहेर आली. काकाही आले. पाइप लावता लावता काकूंना मोठ्यानं म्हणाले, "काही लोकांना बादली वाजवता येते, तोंड उघडता येत नाय!"

*

शेवटच्या दिवशी दोघं स्टुलावर समोरासमोर. तोंडं हातभर अंतरावर, निरोप मात्र दारात उभ्या आईमार्फत.

"त्याला सांग, थेंब इकडं उडतायत."

"वहिनी, त्याला सांगा, वारा काय माझ्या बापाचा नाय!"

एकाएकी काकांचा ब्रश गजांमधून आमच्या बाजूला आला आणि आप्पांनी सोडलेली जागा रंगवायला लागला.

"माझ्या बाजूला कशाला रंगवतोस रे?" आप्पा गरजले.

"चार जागी तसंच राहिलंय. दिसत नाय का तुला?"

आप्पा हळूच म्हणाले, "डाव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसतंय. सहा महिने झाले."

आईला आणि मला पत्ताच नव्हता!

"मग मला तरी सांगायचंस!" काका म्हणाले.

"तू बोलत कुठं होतास?"

काकांनी ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले. "वहिनी, त्याला सांगा, उद्या आठ वाजता तयार राहायचं. डोळ्याच्या दवाखान्यात मी नेतो."

आप्पा ओरडले, "अरे, डोळा अधू झालाय, कान नाय! मला सांग की!"