सात-आठच्या मधला डाग

ज्या माणसाच्या घरात हजारो काडेपेट्या होत्या, त्याच्या घरात गॅस लायटरने पेटायचा. देव्हाऱ्यातला दिवासुद्धा. एकदा लायटर बिघडला तेव्हा काकूंना शेजारणीकडे काडी मागायला जावं लागलं होतं, आणि शेजारीण नुसती बघत राहिली होती. हे काकूच सांगायच्या आणि अप्पा ऐकून घ्यायचे. "काडेपेटी पेटवायला आसती व्हय?" असा त्यांचा प्रश्न असे, आणि तो ते अगदी गंभीरपणे विचारत.

अप्पांचं लक्ष्मीपुरीत किराणा-भुसाराचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. मूळचे कुरुंदवाडचे. काकूंशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि अडकलेल्या वजनकाट्याशी दोन्ही भाषा बोलत. नव्वदच्या सुमारास मी कोल्हापुरात कॉलेजात नोकरीला लागलो, तेव्हा साखर घ्यायला म्हणून त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्या काळी मी सिगारेट ओढत असे. खिशातून काडेपेटी काढली, तर अप्पांनी साखर तशीच तागडीत ठेवली.

"मास्तर, ही कुठनं आणलासा?"

"आठवत नाही. प्रवासात घेतली असेल कुठंतरी."

"आठवा की. साखर काय पळून जात न्हाय."

साखर खरोखरच पळून गेली नाही. मला स्टँडचं नाव आठवेपर्यंत ती तिथेच राहिली. पेटीवर पोपटाचं चित्र होतं आणि पोपटाचा रंग लाल होता. छापणाऱ्याच्या हातून हिरवी शाई राहून गेली असावी. अप्पांनी काड्या दुसऱ्या पेटीत भरून मला परत दिल्या आणि पोपट ठेवून घेतला. पुढे मी सिगारेट सोडली, काडेपेट्या सुटल्या नाहीत.

अप्पांचा संग्रह पुरातून सुरू झाला होता. ते तरुण असताना कुरुंदवाडच्या दुकानात पाणी शिरलं आणि काडेपेट्यांचा सगळा माल भिजला. वडील कपाळाला हात लावून बसले. अप्पांनी पेट्यांवरचे कागद अलगद सोडवून दोरीवर वाळत घातले. "काड्या काय पेटंनात. चितरं तेवढी ऱ्हायली," असं ते सांगत. त्या कागदांना ते 'छाप' म्हणत. कोणताही छाप दाखवताना तो कुठे मिळाला हे ते आधी सांगत, चित्र नंतर.

पुढे घरोघरी इंटरनेट आलं. बंगळूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने एका सुट्टीत घरात कॉम्प्युटर बसवला आणि वडिलांसाठी एक साइट उघडून दिली. छाप जमवणाऱ्यांनी तिथे यावं, फोटो टाकावेत, बोलावं. नाव ठेवलं 'काडेपेटी मंडळ'. एका सभासदाच्या बायकोने 'काडीमोड' असं नाव सुचवलं होतं, पण ते बहुमताने फेटाळलं गेलं.

मंडळाला अप्पांनी तीन नियम घालून दिले. छापाचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. तो कुठे मिळाला ते लिहायचं. आणि दुसऱ्याच्या छापाखाली नुसतं 'छान' लिहायचं नाही, काहीतरी विचारायचं. "छान तर जेवणावळीतला भातबी आसतोय," त्यांनी लिहिलं होतं, "इचारल्याबिगर माणूस बोलत न्हाय." रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते 'आजची हजेरी' असं पान सुरू करत. ज्याला जमेल त्याने तिथे 'हजर' लिहायचं. दिवाळीत, लग्नसराईत, मुलीच्या बाळंतपणातही हजेरी चुकली नाही. भरात असताना सकाळी दहापर्यंत पन्नासेक जण हजर असत. त्यात बँकेतले होते, ड्रायव्हर होते, एक भूलतज्ज्ञ होते. मी तोवर पुण्याला बदलून गेलो होतो. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, दुपारी दीड वाजता, स्टाफरूममधून माझी हजेरी लागे. अप्पा लगेच लिहीत, "मास्तर उशिरा. बाकावर उभं ऱ्हावा."

चांगल्या चाललेल्या गोष्टीला अध्यक्ष हवासा वाटणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. मंडळात एक निवृत्त अधिकारी आले. त्यांना घटना हवी होती, बोधचिन्ह हवं होतं, वार्षिक अधिवेशन हवं होतं आणि अधिवेशनाला अध्यक्ष हवा होता. तो कोण, हे त्यांनी विनयाने सांगितलं नाही. अप्पांनी उत्तर दिलं, "साहेब, तुमी छाप टाकताना पट्टी ठेवायला इसरलासा." साहेब दुखावले. एका नव्या चकचकीत साइटवर त्यांनी वेगळा गट काढला आणि तिथले ते अध्यक्ष झाले. तिथे पट्टी लागत नव्हती, कुठे मिळालं ते सांगावं लागत नव्हतं, काही विचारावं लागत नव्हतं. चित्राखाली अंगठा उमटवला की काम झालं. "आमच्याकडं अंगठा दावणं म्हंजे दुसरंच कायतरी," अप्पा म्हणाले. पण माणसं तिकडे गेली. भांडून कोणी गेलं नाही. हजेरीत एकेक नाव दिसेनासं झालं, इतकंच. पन्नासाचे वीस झाले, विसाचे सात.

त्या सातांवर मंडळ दोनेक वर्षं तगलं, आणि तगलं ते तीन नव्या सभासदांमुळे. एक उचगावकर. अत्यंत भांडखोर माणूस. त्याने अप्पांना दोनदा चुकीचं ठरवलं आणि अप्पांनी दोन्ही वेळा जाहीर माफी मागितली. दुसरे कळंबेकर, कमी बोलणारे. रोज तळ्यावर फिरायला जाणारे आणि वाटेत सापडलेल्या रिकाम्या पेट्या दाखवणारे. तिसऱ्या निपाणीच्या वैनी. त्यांच्या सासऱ्यांचं विडीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्याकडे जुना माल निघे. उचगावकराशी तर मी एका विमानछापाच्या वयावरून पंधरा दिवस भांडलो. "मास्तर, पुस्तकातलं सांगू नका, पेटीतलं सांगा," असं त्याने मला सुनावलं होतं. मला तो माणूस आवडायला लागला होता.

एका दुपारी मी उचगावकराने टाकलेला त्या विमानछापाचा फोटो मोठा करून बघत होतो. शेजारी लाकडी पट्टी होती आणि तिच्यावर सात आणि आठच्या मध्ये निळ्या शाईचा डाग होता, शेंगदाण्याच्या आकाराचा. तो डाग मी कुठेतरी पाहिला होता. कळंबेकरांचे फोटो काढले, तोच डाग. वैनींचे काढले; तोच. मग अप्पांचे स्वतःचे काढायची गरज नव्हती, तरी काढले.

अप्पांनी तीन माणसं घडवली होती. प्रत्येकाला स्वभाव दिला होता, गाव दिलं होतं, एकाला तर स्वतःशीच भांडायला लावलं होतं. पट्टी मात्र एकच ठेवली होती. नियम त्या तिघांनाही लागू होता, तेव्हा पट्टीशिवाय फोटो टाकणं त्यांना सुचलं नसणार. आणि घरात चांगली पट्टी असताना दुसरी आणणं हे तर किराणा दुकानदाराच्या मनातही येत नाही.

इथे शहाण्या माणसाने कॉम्प्युटर बंद केला असता. मला मात्र तेव्हा भोंदूपणा उघडा पाडायची हौस होती आणि त्यासाठी वर्तमानपत्रात एक सदरही मिळालं होतं. मी त्या दिवशीच्या हजेरीत लिहिलं: "उचगाव, कळंबा आणि निपाणी येथे सात व आठच्या मध्ये शाईचा डाग असलेल्या पट्ट्या मिळतात असे दिसते. इच्छुकांनी दुकानाचा पत्ता कळवावा." लिहून तासाला गेलो. वर्गात शिकवताना मला त्या वाक्याचं मनातल्या मनात हसू येत होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

उरलेल्यांपैकी दोघांनी खाली हसण्याच्या खुणा टाकल्या. दुसऱ्या दिवशी हजेरी निघाली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी अप्पांच्या चार ओळी आल्या: "उचगावकर, कळंबेकर आणि निपाणीच्या वैनी आजपासून येणार न्हाईत. त्येंनी कुणाचा छाप लबाडीनं घेतला न्हाय. त्येंच्या वतीनं मी माफी मागतो. आजची हजेरी: अप्पा."

खाली कोणी 'हजर' लिहिलं नाही. मीसुद्धा नाही. काय तोंडाने लिहिणार?

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो. बोलायचं वाक्य एसटीत पक्कं केलं होतं. दुकानात पोचलो तेव्हा अप्पा गूळ फोडत होते.

"या मास्तर. कवा आलासा? बसा की." मग आत बघून हाक मारली, "शैला, मास्तरांना च्या टाक, साखर कमी." बंगळूरची नोकरी सोडून मुलगा परत आला होता आणि सून शैला आता दुकानात बसत होती.

मी पक्कं केलेलं वाक्य सोडून गुळाचा भाव विचारला. अप्पांनी भाव सांगितला. मग म्हणाले, "उचगावकराला तुमी आवडत हुतासा. लई भांडायचा, पर आवडत हुतासा."

"अप्पा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं हुतं की. आन् बराबरच हाय ते." त्यांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "मास्तर, दुकानात गिऱ्हाईक नसलं की आमी काय करतो? काटा वर-खाली करतो. डबं पुसतो. रस्त्यावरनं जाणाऱ्याला दिसाय पायजे, दुकान चालू हाय. कुटं तरी कोपऱ्यातल्या गावात एक माणूस आसंल, पेट्या जमवणारा. घरची येड्यात काढत्यात त्येला. त्यो एक दिवस मंडळात डोकावला आन् आत सामसूम दिसली, तर त्येला काय वाटंल? आपुन एकलाच येडा हाय, असंच की न्हाय? त्येच्यासाठी तिघं बसवली हुती."

"आणि तो आला का?"

"न्हाय अजून," अप्पा म्हणाले. मग गूळ फोडता फोडता, खाली बघत, "तुमी खोटं पकडलंसा, त्येचं काय न्हाय. पर खोटं काढल्यावर मागं खरं कायच उरलं न्हाय, बगा."

चहा आला. आम्ही पावसावर बोललो.

पुण्याला परतल्यावर मी एक नवी स्टीलची पट्टी विकत घेतली. आठवड्याने काडेपेटी मंडळात गडहिंग्लजचा एक कंपाउंडर सभासद झाला. घरचे वेड्यात काढतात असं त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं. दवाखान्याच्या मागच्या उकिरड्यावर सापडलेला एक मोरछाप त्याने पट्टीशेजारी ठेवून दाखवला. अप्पांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं: "या तम्मा, या! उशीर केलासा, पर आलासा." धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. आणि खाली तीन प्रश्न: उकिरडा कुठल्या बाजूला, पेटी ओली होती का, डॉक्टर सिगारेट ओढतात का?

दुसऱ्या दिवसापासून हजेरी पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाहून जास्त काळ त्या मंडळात रोज दोनच जण हजर असत, अप्पा आणि कंपाउंडर. कंपाउंडरला मी तापट डॉक्टर दिला, आजारी आई दिली, सायकल दिली. अप्पा आईच्या गुडघ्यासाठी तेल सुचवत. माझ्यावरचं ओझं उतरलं, आपण भरपाई केली, असं मी समजून चाललो होतो. एकदा अप्पांनी कंपाउंडरला लिहिलं, "आमचे एक मास्तर हुते, पुण्याला. लई हुशार. हल्ली येत न्हाईत. तुमास्नी आवडले असते." कंपाउंडरने त्यावर मास्तर कसे होते ते विचारलं नाही. नियमभंगच होता तो.

मग एका सकाळी हजेरी निघाली नाही, आणि दुसऱ्याही. तिसऱ्या दिवशी शैलाचा फोन आला. मी गेलो तोवर सगळं आटोपलं होतं. काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या. शैलाने कपाटातून कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आणून दिली. वर अप्पांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'गडहिंग्लजच्या कंपाउंडरसाठी.'

"मामा म्हणाले, मास्तरांकडं द्या. ते पोचवतील." सासऱ्यांना ती मामा म्हणे.

मी तिच्याकडे बघितलं. नजर वळवून ती म्हणाली, "मामा हसायचे हो कधी कधी. म्हणायचे, कंपाउंडरला कसली उसंत आसत्या गं, रोज बराबर दुपारी दीड वाजता?"

आत लाकडी पट्टी होती. डाग फोटोत वाटे त्याहून लहान निघाला. मागच्या बाजूला चिकटपट्टीने एक कागद लावला होता. त्यावर लिहिलं होतं:

"माणसं वाढली की पट्ट्याबी वाढवाव्यात, त्या वाढवल्या न्हाईत ही आमची चूक. तुमी नवी घेतलासा, बरं केलासा. तरी ही ठेवा. आन् मास्तर भेटले तर म्हणावं, रागावलो न्हाय. हजेरीला या."

दीड वर्ष मी रोज त्यांच्या दारात जात होतो, दुसऱ्याचं नाव लावून. स्वतःच्या नावाने एक 'हजर' लिहिलं असतं तर पुरलं असतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. त्यांना ते एका माणसाचं हवं होतं आणि तो माणूस गडहिंग्लजचा नव्हता.

पुण्याला आल्या आल्या कॉम्प्युटर उघडला. मंडळ अजून जागेवर होतं. शेवटची हजेरी अप्पांची, खाली कंपाउंडर, दीड वाजता. मी माझं नाव घातलं. परवलीचा शब्द आठवेना. तीनदा चुकवला. नवा शब्द हवा असल्यास मंडळाच्या चालकांना कळवा, ते तुम्हाला आत घेतील, अशी सूचना आली.

चालक एकटे अप्पाच होते. मी कळवलं. पट्टी टेबलावर समोर ठेवून बराच वेळ बसलो होतो.