बिनडोंगराचा ज्वालामुखी

आम्ही नवरा-बायको दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते ज्वालामुखी बनवायचं. नातीच्या शाळेनं सांगितलं होतं, ज्वालामुखीचे चार प्रकार मातीचे करून आणा आणि ते कसे तयार होतात ते सांगा. मुलगा-सून कामावर. नातीनं पुस्तक वाचून दाखवलं, माती आम्ही मळली. मी चौथीत शाळा सोडली, घरची तर शाळेत गेलीच नाही. हुडकेश्वरच्या घरापुढं पोतं अंथरून बसलो.

पहिला सोपा. आतून खडे उडतात, तोंडाभोवतीच पडतात, मुरमाची गाडी खाली केल्यासारखा ढीग होतो. दुसऱ्याचा रस पातळ, लांब वाहत जातो, म्हणून डोंगर पसरट. घरची म्हणाली, धिरड्याचं पीठ. तिसऱ्याचा रस घट्ट. कधी रस, कधी राख, थरावर थर चढून उंच टोकदार डोंगर होतो. तोंड बुजलं की आत जोर साचतो आणि धडाक्यानं फुटतो. तीन झाले. मी हात धुतले.

चौथ्याला डोंगरच नव्हता. जमीन लांबलचक चिरते, पातळ रस वर येऊन सगळीकडे पसरतो, थंड होतो. मग पुन्हा येतो, त्याच्यावर पसरतो. आपल्याकडचा काळा दगड असाच झाला, असं पुस्तकात होतं. मला पटलं नाही. मी जन्मभर विहिरी खोदल्या. तो दगड सबलीनं फोडला, त्यात आग कधी दिसली नाही.

घरचीनं फळीवर मातीचा सपाट थर थापला, त्यावर गेरू, वर पुन्हा माती.

"काहून वं, हे काय करून राहिली? भाकर पाठवतं का शाळेत?"

"ज्वालामुखी आहे. विहिरीत दोन काळ्या थरांच्या मधात लाल मातीचा पट्टा निघे, आठवते का? टोपल्या मीच भरल्या. खालचा थर पडून राहिला, त्याची माती झाली, मग वरचा आला."

"माही जिंदगी दगडात गेली. तू मले शिकवतं?"

"तुम्ही दगड फोडले जी. त्याले इचारलं काहीच नाही."

"पोरीले हसतीन सारे. तीनच जातीन."

"चारही जातीन," ती म्हणाली. सुरीनं मधोमध लांब चीर पाडली आणि फळी उन्हात ठेवली. मी तोंड फिरवलं. तिला हसूच आलं होतं बहुतेक, मी पाहिलं नाही. जरा पडते म्हणून ती आत गेली. जेवायच्या वेळी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. संध्याकाळपर्यंत घाटावर सगळं उरकलं.

दुसरा दिवस शाळेत द्यायचा शेवटचा दिवस होता. नात उठायला तयार नव्हती. मी चारही ज्वालामुखी मोठ्या पाटावर मांडले. धाकटा भाऊ दारात आडवा आला.

"दादा, सुतकात कुठं निघाला? राख सावडाची आहे."

"शाळेत. राख पळून नाही जात गा."

ऑटोत पाट मांडीवर धरून बसलो. शाळेतल्या मॅडमला पोरीच्या आजीचं सांगितलं, मग तीन डोंगर कसे होतात ते सांगितलं. चौथ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "बाबाजी, हा अर्धा राहिला का?"

"नाही मॅडम, पुरा आहे. हा माह्या घरचीनं केला. याले डोंगर नसते. आपण उभे आहो तो काळा दगड असाच झाला." लाल पट्टा बोटानं दाखवला, विहिरीतलं सांगितलं. "मी हा आणू देत नव्हतो. ती बरोबर होती."

मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही. तिथून ऑटोनं थेट घाटावर गेलो. भाऊ वाट पाहत होता. दोघांनी मिळून राख सावडली.