दगडाचा कान

दगड हातात घेताच बनाबाई म्हणाली, "ह्यो आमचा न्हाई."

साताऱ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचे संशोधन करणारी शिवांजली समोर घोंगड्यावर बसली होती. तपासणीसाठी नेलेला दगड कापून तिने त्याची दोन्ही अर्धुके परत आणली होती. बाहेरचे कवच तेच, काळपट. पण कापलेल्या पोटात फिकट राखाडीला लागून कोळशासारखा काळा पट्टा होता.

"आमचा आतून पांढुरका हाय. बदलून आणलास, पोरी."

"मावशी, तुम्ही तो आतून कधी पाहिलात?"

बनाबाईने अर्धुक पुन्हा न्याहाळले. दाराशी टेकलेला चुलत दीर दादासो मात्र हसला. "वहिनी, कारखान्याच्या भट्टीत जळून गोळा झालेली खंगर ती, आतनं काय आन् भायेरनं काय! आकारामदा गेला, पण त्याची भट्टी काय इझना."

हाच टोमणा बनाबाईच्या नवऱ्याने, आकारामने, मरेपर्यंत ऐकला होता. एका वर्षी इस्लामपूरकडच्या उसाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला गेलेला आकाराम हा दगड घेऊन परतला. आभाळ फुटल्यागत आवाज झाला आणि तो कळपापुढे पडला, असे त्याने शपथेवर सांगितले. गावाने त्याला खोटे ठरवले. बनाबाईच्या मनातही किंतु होताच. म्हणून तर तिने दगड तपासायला दिला होता.

पण तो हातातून सोडण्याआधी तिने एक काम केले होते. मेंढी दुसऱ्याच्या कळपात राखणीला दिली आणि तिकडे मेली, तर राखणाऱ्याने तिचा खुणेचा कान मालकाला आणून दाखवायचा, ही त्यांच्यातली रीत. कान आला नाही, तर मेंढी विकली असे धरून चालायचे. बनाबाईने दगडाचाही कान काढून ठेवला होता.

ती उठली, देवापुढची भंडाऱ्याची डबी घेऊन आली आणि हळदीत पुरलेली कपची तिने पदराने पुसली. कपची आतून फिकट राखाडी होती.

"आता बोल."

शिवांजलीने एक अर्धुक पुढे सरकवले. कडेला एक खाच होती. बनाबाईने कपची आधी उलटी लावून पाहिली, मग सुलटी. ती बसली. कवचाची रेघही जुळली. कपचीचा फिकट रंग दगडात बोटभर आत गेला होता आणि तिथून पुढे तो काळा पट्टा सुरू होत होता.

"मग ह्यो काळा कशानं?"

"हा तुकडा ज्या मोठ्या खडकाचा, तो आभाळात उघडा फिरत होता. तिथे हवेचं पांघरूण नाही. सूर्यावरून सुटणारे बारीक कण आणि धूळ त्याला लाखो वर्षं झोडपतात. वरच्या मातीच्या दाण्यांवर लोखंडाची सूक्ष्म पुटं चढतात आणि ती काळवंडते."

"काळ्या मेंढीची लोकर उन्हानं वरनं तांबूस व्हती, तसं?"

"तसंच. रंग वेगळा, करणी उन्हाचीच."

"आगं, पर मग काळं वरनं पायजे. आत कसं शिरलं?"

"कातरलेली लोकर पिंजली की वरची-आतली एक होते ना? त्या खडकावर दुसरे खडक आदळले, वरची काळी माती आणि आतला फिकट चुरा एकत्र दाबला गेला."

बनाबाईने दगडावरची नजर हलवली नाही. "भट्टीत ह्ये व्हतं?"

"नाही. या काळ्या दाण्यांत सूर्याकडून आलेला वायू अजून अडकलेला सापडला. दगड भट्टीत तापला असता, तर तो वायू केव्हाच निघून गेला असता. हा काळा पट्टा नसता, तर मला इतकं ठासून सांगता आलं नसतं."

ज्या काळ्यावर संशय घेतला, त्यानेच नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली होती. बनाबाईने दाराकडे तोंड फिरवले. "भावजी, ऐकलं का? का कानात बोळं हायती?"

दादासो डोके खाजवत म्हणाला, "वायू म्हंजी दिसत तर न्हाई काय…"

"मालकबी तुमास्नी खरं बोलताना दिसलं न्हाईत."

पुढच्या तपासणीसाठी एक अर्धुक न्यायची परवानगी शिवांजलीने मागितली. बनाबाईने खाचेचे अर्धुक स्वतःकडे ओढले आणि दुसरे तिच्या हाती देता देता थबकली.

"भावजी, हातोडी आणा. ह्येचाबी कान काढते."