काचेचा काटा

लालबागच्या त्या चाळीत मीराबाईंसारखं मासे खाणारं दुसरं कुणी नव्हतं. काट्यांनी भरलेला पेडवा त्या बोलता बोलता साफ करत. जेवण झालं की ताटाच्या कडेला काटे ओळीने मांडलेले असायचे. सून वैशाली लग्न होऊन आली तेव्हा ती ओळ बघतच राहिली होती.

आणि अशा बाईच्या घशात गेल्या वर्षी काटा अडकला. दवाखान्यात नेऊन काढला, पण भीती काही निघाली नाही. मासे बंद. मटण चाववत नाही, डाळ घशाखाली उतरत नाही, नुसती पेज. दंड काडीसारखे झाले, भिंत धरल्याशिवाय उठता येईना. प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. आणलेल्या पावडरीला मीराबाईंनी खडू म्हटलं आणि विषय संपवला.

शेवटी वैशालीने माकुल, म्हणजे स्क्विड, आणलं; त्यात माशासारखे काटे नसतात. या घरात ते कधी शिजलं नव्हतं. ‘ह्यो काय मासो?’ असं मीराबाईच म्हणायच्या. वैशालीने नेहमीच्या सवयीने, माशाच्या कालवणासारखं वाटप घालून तिखलं रटरटा उकळलं. मीराबाईंनी एक तुकडा भीतभीत बराच वेळ चघळला आणि ताटात काढून ठेवला. वैशालीला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात हे ऐकून रखमा कोळीण तिच्यावर खेकसली. "अगो, माशासारखं उकळलंस? पांढरं होऊन आकसलं की गॅस बंद कर! नायतर मंद आचेवर सोड, मऊ होईपर्यंत. मधेच काढलंस तर रबर." वर म्हणाली, "चरबी नाय, नुसती ताकद. पण रोज नको हां, कोलेस्टेरॉल असतं."

पहिलं माकुल बाजारातूनच साफ करून आणलं होतं; आज वैशाली स्वतः साफ करायला बसली. डोकं ओढलं तसं आतून कण्याच्या जागचं लांबट, पारदर्शक पान सरकत बाहेर आलं. तिने ते खिडकीकडे धरलं. पलीकडची चाळ त्यातून दिसत होती. या जिवाला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं, हे तिने मोबाईलवर वाचलं होतं. आता हातात ते पान धरून तिच्या अंगावर शहारा आला. एवढं नवल आपण बाजारातून पिशवीत घालून आणलं!

या वेळी तिने तासभर मंद आचेवर ठेवलं. ताट वाढलं.

"काटो खंय हा?" मीराबाईंनी हात मागे घेतला.

वैशालीने धुतलेलं पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हा एवढाच, आई. काढलाय मी."

मीराबाईंनी ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, बोटाने वाकवून पाहिलं. "देवान तेका एकच काटो दिल्यान," त्या हळूच म्हणाल्या, "तोय काचेचो!"

मग एक तुकडा तोंडात गेला. दुसरा. भाताचा घास.

ताट रिकामं झालं. मीराबाईंनी ते पान उचललं आणि ताटाच्या कडेला, काट्यांच्या जागी, सरळ मांडून ठेवलं.

"आजून वाढ गो," त्या म्हणाल्या.